टॅक्सचे 273 डॉलर वाचवले, गाडीचे 7,400 घालवले

"एवढा शिकलेला माणूस आणि असा कसा गंडला?" हे ऐकून झालंय. बायकोकडून झालं, मेव्हण्याकडून झालं, ऑफिसातल्या दोघांकडून झालं. तेव्हा कृपया तो प्रश्न सोडून वाचा. जुन्या गाड्यांच्या बाजारात काय काय चालतं हे मलाही माहीत होतं. पुरातल्या गाड्या, मागे फिरवलेलं मीटर, घरगुती माणूस असल्याचं सोंग घेणारे छुपे दलाल, सगळं वाचलेलं होतं. तरी फसलो.

गाडी होती 2012ची सायन टीसी. अमेरिकेत राहणाऱ्यांना सायन आठवत असेल. टोयोटाने तरुणांसाठी 2003 मध्ये काढलेला ब्रँड, 2016 मध्ये गुंडाळला. टीसी म्हणजे दोन दारांची कूपे. 2011 पासूनच्या मॉडेलला अडीच लिटरचं इंजिन, 180 हॉर्सपॉवर, सहा गिअर, सगळी ताकद पुढच्या चाकांना. खरी स्पोर्ट्स कार नव्हेच, पण नवी असताना वीस हजारांच्या आत सुरू व्हायची आणि आतली यंत्रं टोयोटाची, म्हणजे भरवशाची. मागचा जाडजूड खांब आडवा येतो, लेन बदलताना मान पुरी वळवावी लागते, दार एवढं लांब की अरुंद पार्किंगमध्ये पोट आत घेऊन उतरावं लागतं. पण क्लच दाबून दुसऱ्यात टाकली आणि पाय दिला की स्टिअरिंग हातात किंचित ओढ घेतं ना, त्यासाठी मी बारा वर्षं थांबलो होतो. आधी विद्यार्थी, मग व्हिसाची टांगती तलवार, मग मुलं, मग मिनीव्हॅन. एक्केचाळिसाव्या वर्षी स्वतःसाठी एक जुनी कूपे घ्यावीशी वाटली, यात वेड लागण्यासारखं काय आहे? मित्र "मिडलाइफ क्रायसिस" म्हणून हसला. हसू दे.

मॅन्युअल गिअरची, धड अवस्थेतली टीसी सहजी मिळत नाही. म्हणून 84,000 मैल झालेली, 7,900 डॉलरची जाहिरात दिसल्यावर मी लगेच फोन केला. माणूस गोड बोलणारा. गाडी मेव्हणीची, ती नोकरीसाठी परदेशी गेली, तो फक्त तिच्या वतीने विकतोय. तीन जण बघायला येणार आहेत म्हणाला, तर मी गाडी न बघताच 300 डॉलर मोबाइलवरून पाठवून दिले, "धरून ठेवा" म्हणून. हे पहिलं शेण. मागितल्याशिवायच त्याने गाडीच्या इतिहासाचा रिपोर्टही पाठवला. अगदी स्वच्छ. त्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती, हे मी तीन महिन्यांनी पाहिलं.

ऑक्टोबरमधल्या शनिवारी गेलो तर गाडी दारात सुरूच होती. "गरम करून ठेवलीय तुमच्यासाठी." मला वाटलं, काय सौजन्य! अहो, सौजन्य कसलं. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे एकदा पेटतात आणि विझतात. एअरबॅगचा दिवा पेटतच नाही, हे मला दिसू नये म्हणून गाडी आधीच चालू ठेवलेली. गाडी बघायला गेलात आणि इंजिन गरम असेल, तर बंद करायला लावा, चहा पिऊन या, मग चावी तुम्ही फिरवा. दोन्ही दारांच्या काचा खाली होत्या, "हवा किती छान आहे आज" म्हणून. आरशाला व्हॅनिलाच्या वासाचं कागदी झाड लटकत होतं. एक नाही, तीन.

पुढचं लिहिताना आजही कानशिलं तापतात. मुलीची सीट मागे बसेल का बघायला मी मागे वाकलो आणि मागचा सीटबेल्ट ओढला. निम्म्यापर्यंत सरळ आला, मग अडखळत, करकरत. अजून ओढला. शेवटची हातभर पट्टी तपकिरी होती, चहाच्या कपात मागे राहते तशी कड तिच्यावर उमटलेली, आणि बोटाला बारीक, मऊ माती लागली. मी ती बोटं एकमेकांवर चोळली. हे मला स्पष्ट आठवतं. चोळली आणि त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "कॉफी सांडली होती हो, मेव्हणी जरा गबाळी आहे."

आणि मी हसलो!

बेल्टची ती शेवटची पट्टी कायम रिळात गुंडाळलेली असते. तिच्यावर कॉफी सांडायची तर कॉफीला सीटच्या मागून, पत्र्याच्या आतून चढावं लागेल. तिथे फक्त एकच गोष्ट पोचते, साचलेलं पाणी. हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही, आणि मी इंजिनिअर आहे. पण तेव्हा मी पंधरा मिनिटं गाडी चालवून आलो होतो, हातात अजून गिअरचा दांडा होता, डोक्यात पुढच्या रविवारचा घाटरस्ता. घरून निघताना बायको म्हणाली होती, "अरे, आधी मेकॅनिकला दाखव, मग पैसे दे." मी म्हटलं होतं, हो हो.

घासाघीस होऊन 7,400 वर ठरलं. मग त्याने हळूच विचारलं, "बिलावर 3,500 लिहू का? तुमचाच टॅक्स वाचेल." आमच्याकडे 7 टक्के. 3,900 चा फरक, म्हणजे 273 डॉलर. मी हो म्हटलं. प्रामाणिकपणे सांगतो, असं करणारे मी दहा जण ओळखतो, त्यामुळे त्या क्षणी ते चुकीचं वाटलंच नाही. उरलेले 7,100 रोख मोजून दिले. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, मेव्हणीचं नाव आणि सही आधीच होती, खरेदीदाराचा रकाना कोरा. त्याचं स्वतःचं नाव कुठेच नाही. त्याच्या ओळखपत्राचा फोटो घ्यावा असं मनात आलं, पण एवढ्या गोड माणसाला कसं विचारायचं? संकोच! तो संकोच मला सात हजाराला पडला.

पहिले तीन आठवडे मजेत गेले, खोटं कशाला बोलू. मग थंडी पडली, पहिल्यांदा हीटर लावला आणि गाडीत नदीकाठचा वास पसरला. काचा आतून धुकट. आठवड्याभरात रेडिओ मुका झाला, डावीकडची काच आपोआप खाली जायला लागली, आणि एका संध्याकाळी हायवेच्या उतारावर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. टोइंगचे 95 गेले. मेकॅनिकने 145 घेऊन ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला. खाली वाळलेला गाळ, त्याला पडलेल्या भेगा, आणि वायरींच्या जोडांवर हिरवा बुरा. दुरुस्तीचा अंदाज 4,860, "आणि तरी मी हमी देणार नाही," असं त्याने तोंडावर सांगितलं. वर म्हणाला, एअरबॅग फुगेल का हेही कुणी सांगू शकणार नाही. या गाडीत मी मुलीला दोनदा शाळेत सोडलं होतं.

त्याच रात्री 10 डॉलर भरून एनएमव्हीटीआयएसचा, म्हणजे टायटलच्या राष्ट्रीय नोंदींचा ताजा रिपोर्ट काढला. दक्षिणेकडच्या एका राज्यात "फ्लड" असा शिक्का, मग दुसऱ्या राज्यात नवं टायटल आणि शिक्का गायब. एनआयसीबी ही विमा कंपन्यांची संस्था, तिच्या व्हिनचेक साइटवर तर सॅल्व्हेज, म्हणजे विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाडीची नोंद फुकट बघता येते. गाडीचा सतरा अक्षर-आकड्यांचा ओळख नंबर (व्हिन) टाकायचा, बस. विंडशील्डच्या कोपऱ्यातला नंबर स्वतः वाचून टाका, विकणाऱ्याने पाठवलेला नको, आणि त्याचा रिपोर्ट तर उघडूही नका.

आता साहेब लोकांची कथा. पोलिसात गेलो. काउंटरवरच्याने चार वाक्यं ऐकली आणि म्हणाला, "सिव्हिल मॅटर आहे." म्हटलं, हा फसवणुकीचा गुन्हा आहे. म्हणाला, बिल दाखवा. दाखवलं. "पण तुम्ही तर 3,500च दिलेत." मी गप्प. तेव्हा कुठे लक्षात आलं की ते 273 डॉलर त्याने माझ्यासाठी वाचवलेच नव्हते. स्वतःच्या मोठ्या चोरीवर पांघरूण म्हणून त्याने मला एक छोटी चोरी करायला लावली होती. 7,400 म्हणावं तर मीच टॅक्स बुडवणारा, 3,500 म्हणावं तर निम्म्याहून जास्त पैसे आपल्याच हाताने माफ.

मी खरं सांगितलं. काही फरक पडला नाही. टॅक्सच्या माणसांनी मात्र फरकाची रक्कम विचारायला वेळ लावला नाही, ते 273 मी मागाहून भरले. चोर सापडत नाही यांना, पण माझे 273 बरोबर सापडले! मोटार वाहन खात्यात दोन तास रांगेत उभं राहून अर्ज दिला, सहा आठवड्यांनी पत्र आलं की टायटल "नियमानुसार" नोंदलेलं आहे. शिक्का पुसला गेला कसा, यावर एक अक्षर नाही. राज्याच्या ग्राहक कार्यालयाने सांगितलं, परवानाधारक डीलर असता तर बघितलं असतं, खासगी व्यवहारात आम्ही पडत नाही. अरे, परवाना नसताना गाड्या विकतो हीच तर माझी तक्रार आहे! केंद्राच्या पोर्टलवर भरलं, तिथे लिहिलेलंच आहे की वैयक्तिक तक्रारी सोडवल्या जात नाहीत. छोट्या दाव्यांच्या कोर्टात जावं तर समन्स कुणाला बजावणार? फोन बंद, आणि ज्या दारात गाडी बघितली ते घर आठवड्याच्या भाड्याचं निघालं. प्रत्येकाने मला अत्यंत नम्रपणे पुढच्या खिडकीकडे पाठवलं.

हिशोब असा: गाडी 7,400, टॅक्स आधी 245 आणि मग 273, नोंदणी 160, टोइंग 95, मेकॅनिक 145, रिपोर्ट 10. एकूण 8,328. भंगारवाल्याने 850 दिले. मेव्हणा म्हणाला, "वास घालव आणि पुढे सरकवून टाक, पाच हजार कुठे गेले नाहीत." एक रात्र मी तोही विचार केला, लपवत नाही. मग ती बेल्टची पट्टी आठवली.

गेल्या आठवड्यात जाहिराती चाळत होतो, सवय जात नाही. एक लाल कूपे, मॅन्युअल, 6,800. फोटोत मागे तीच विटांची भिंत आणि तोच बास्केटबॉलचा मोडका हूप. या वेळी गाडी मावशीची आहे, ती वृद्धाश्रमात गेलीय म्हणे. स्क्रीनशॉट काढून पोलिसांना पाठवला, तक्रार क्रमांकासकट. आपोआप आलेलं उत्तर आहे, ईमेल मिळाला म्हणून.