डेथचा 'ह्युमन' : काही महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

डेथ या फ्लोरिडाच्या डेथ मेटल (रॉकचा अतिशय वेगवान, घोगऱ्या ओरडण्याचा प्रकार) बँडचा हा चौथा अल्बम, ऑक्टोबर १९९१ मध्ये आलेला. माझ्याकडे आहे ती २०११ ची रिलॅप्स रेकॉर्ड्सवाली दोन सीडींची आवृत्ती, जी जिम मॉरिसने नव्याने मिक्स केलीय, म्हणजे कुठलं वाद्य किती मोठं ऐकू यावं ते पुन्हा ठरवलंय. पावसाळ्यात हातात पडली आणि आता सोलापूरची जानेवारीतली गड्डा यात्रा तोंडावर आलीय, म्हणजे लिहायला हरकत नाही. डेथ मेटलच्या अल्बमबद्दल इतका वेळ गेल्याशिवाय लिहूच नये असं माझं मत आहे, कारण पहिल्या आठवड्यात फक्त वेग कळतो, गाणी कळायला लागतात ती नंतर.

आधी ऐकण्याची परिस्थिती सांगतो कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीला लागून टॉवेलचे माग आहेत, लाइट असेपर्यंत खटखट चालूच. स्पीकरवर ऐकलं की मागाचा आवाज आणि गिटारचा खालचा आवाज एकमेकांत मिसळून जातो, मग फक्त झांज आणि ओरडणं उरतं. त्यामुळे कान पूर्ण झाकणारे वायरवाले हेडफोन घेतले आणि तेव्हापासून हा अल्बम खऱ्या अर्थाने उघडला. ज्यांच्या घराशेजारी असा कारखाना आहे त्यांनी (सोलापुरात निम्मे लोक तसेच) साधे इअरफोन वापरून या अल्बमबद्दल मत बनवू नये, एवढी विनंती.

आता बास गिटारबद्दल, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारबद्दल. याच्यावर मी तासभर बोलू शकतो. या अल्बमवर बास वाजवलाय सेडस बँडच्या स्टीव्ह डिजॉर्जिओने, आणि १९९१ च्या मूळ मिक्समध्ये तो जवळजवळ ऐकूच येत नाही, गिटारच्या भिंतीमागे कुठेतरी आहे एवढंच जाणवतं. मी आधी वर्षानुवर्षं तेच मिक्स मोबाइलवर ऐकत होतो. नवीन मिक्स पहिल्यांदा लावलं तेव्हा 'लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन'ची सुरुवात, ती शांत गिटारवाली, नेहमीसारखी वाटली, पण मोठा रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) पडल्यावर खाली बास तसाच चालत राहिला, गिटारच्या मागे मागे नाही तर स्वतःच्या वाटेने, मध्येच वर चढून परत जागेवर येणारा. त्या एका ठिकाणासाठी मी ते गाणं मागे घेऊन घेऊन ऐकलंय. अंगावर काटा येतो, अजूनही. 'कॉस्मिक सी' या वाद्यसंगीताच्या तुकड्यातला काही बास स्कॉट कारिनोचा आहे, तोही आता नीट कळतो.

पण जुनं मिक्स टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. निर्माता स्कॉट बर्न्सने बँडचा गायक-गिटारवादक चक शुल्डिनरसोबत टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत केलेल्या त्या कामात गिटार अगदी तोंडासमोर आहे, चावा जास्त आहे, आणि 'टुगेदर ॲज वन'सारख्या वेगवान गाण्याला तो चावा लागतो. नव्यात गिटार किंचित मागे सरकलीय, त्यामुळे काही रिफ ऐकताना मन म्हणतं अजून थोडं पुढे या की. तरीही दोन्हीपैकी एकच ठेवायचं असेल तर मी नवीनच ठेवीन, कारण बासशिवाय हा अल्बम अर्धाच आहे.

ड्रम्सबद्दल लोकांनी इतकं लिहिलंय की मी वेगळं काय सांगू, तरी सांगतो. ड्रम्सवाला शॉन रायनर्ट तेव्हा विशीत होता आणि तो नि गिटारवाला पॉल मासव्हिडल दोघंही सिनिक बँडचे, जॅझ फ्यूजन (जॅझ आणि रॉकचं मिश्रण) ऐकून वाढलेले. 'फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्स' सुरू होतं तेच ड्रम्स लांबून हळूहळू जवळ येत, आणि पुढे सबंध अल्बमभर त्याचा उजवा हात झांजेवर काहीतरी बारीक काम करत असतो, पाय खाली धडधडत असतात तेव्हासुद्धा. आमच्या गल्लीत एक काका हलगी वाजवतात, वरातीत, यात्रेत, सगळीकडे. दुसऱ्या सीडीवर या गाण्यांचे गायनाशिवायचे कच्चे टेक आहेत, त्यातला पहिला त्यांना ऐकवला. डोळे मिटून ऐकत होते, बोटं मांडीवर चालू. मग म्हणाले, "ह्यो मारत नाय रे, हात सैल सोडून वाजवतोय. ताकद लावणारा इतका वेळ टिकत नसतो." मी परत लावलं तर म्हणाले, "थांब, ते मधलं पुन्हा ऐकव, तिथं त्यानं ठेका उलटा फिरवलाय." गाणारा आवाज असता तर काकांनी कदाचित एवढं ऐकलंच नसतं, म्हणून नवीन माणसाला हा अल्बम ऐकवायचा असेल तर दुसऱ्या सीडीपासून सुरुवात करा, मला हे फार उपयोगी पडलं.

मित्रांमध्ये मात्र प्रतिक्रिया सरळ दोन बाजूंना गेल्या. जे डेथच्याच आधीच्या 'लेप्रसी' (१९८८) वर वाढले त्यांना हा फार सफाईदार वाटतो, "घाण कमी झाली" असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांची बाजू मला समजते. बाहेर जगातही हा अल्बम आला तेव्हा डेथ मेटल म्हणजे रक्त, प्रेतं, झाँबी असंच चालू होतं. चकने ते 'स्पिरिच्युअल हीलिंग' (१९९०) पासून कमी करत आणलं होतं, इथे पूर्ण सोडलं. त्याच सुमारास युरोपच्या दौऱ्यावर तो स्वतः गेला नाही आणि बाकीचे बँडवाले त्याच्याशिवायच जाऊन वाजवून आले, त्यामुळे 'ह्युमन'साठी त्याने बँडच नवा उभा केला. मला वाटतं हा सगळा राग आणि दुखावलेपण या रेकॉर्डिंगमध्ये आहे पण आरडाओरड म्हणून नाही, नेमकेपणा म्हणून आहे. 'लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन'चा व्हिडिओ एमटीव्हीच्या हेडबँगर्स बॉल या मेटलच्या कार्यक्रमात लागला, आणि पुढच्या काही वर्षांत टेक्निकल डेथ मेटल (वाजवायला अवघड, गुंतागुंतीचं डेथ मेटल) म्हणून जे काही आलं त्यातले किती तरी जण इथूनच शिकले. मासव्हिडल आणि रायनर्ट यांच्या सिनिकचा 'फोकस' १९९३ मध्ये आला, तो ऐकला की याची बीजं इथे दिसतात.

गाण्यांचे शब्द वाचाच. 'सुइसाइड मशीन' हे असाध्य दुखण्यात पडलेल्या माणसाला मरायचा हक्क आहे का याबद्दल, 'टुगेदर ॲज वन' जोडलेल्या जुळ्यांबद्दल, 'सी थ्रू ड्रीम्स' दृष्टी नसलेल्यांच्या जगाबद्दल. चक १३ डिसेंबर २००१ ला ब्रेन ट्यूमरने गेला, फक्त ३४ वर्षांचा होता, आणि ते माहीत झाल्यावर 'सुइसाइड मशीन' पूर्वीसारखं ऐकता येत नाही, मला तरी नाही. शॉन रायनर्टही २०२० च्या जानेवारीत गेला. मासव्हिडल आणि रायनर्ट या दोघांनी २०१४ मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा मेटलच्या जगात ही छोटी गोष्ट नव्हती. हे दोघं १९९१ मध्ये त्या वातावरणात काय काय मनात ठेवून वाजवत असतील, 'सिक्रेट फेस' ऐकताना हा विचार येतोच.

तक्रारी. शेवटी जोडलेलं किस बँडचं 'गॉड ऑफ थंडर' मला इथे नको होतं, 'व्हेकंट प्लॅनेट्स' संपल्यावर थोडी शांतता हवी असते आणि लगेच हे सुरू होतं, मी आठव्या गाण्यानंतर प्लेअर बंदच करतो. पुस्तिकेतली अक्षरं बारीक आहेत. कुरियरने आलेला डबा कोपऱ्यात तडकलेला होता, आतल्या सीडी सुदैवाने ठीक होत्या. आणि अल्बम जेमतेम ३४ मिनिटांचा आहे यावर काही लोक नाराज असतात, मी अजिबात नाही. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना कुर्डुवाडी यायच्या आत पूर्ण ऐकून होतो आणि परत पहिल्यापासून लावावासा वाटतो, लांब अल्बमच्या बाबतीत माझं असं कधी होत नाही.

डेथ मेटल अजिबात न ऐकलेल्यांनी 'कॉस्मिक सी' आणि मग 'लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन' असं ऐकावं, आवाजाची भीती तिथे कमी वाटते. ज्यांना आधीचा चक आवडतो त्यांनी घाई करू नका, निदान महिनाभर द्या, आणि जमलं तर रात्री माग बंद झाल्यावर ऐका. याच्यानंतर मी डेथचाच पुढचा अल्बम 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स' (१९९३) मागवलाय. त्यात डिजॉर्जिओ फ्रेटलेस (दांड्यावर पडदे नसलेला) बास वाजवतो, ड्रम्सवर जीन होग्लन आहे, आणि काकांनी आत्तापासूनच विचारायला सुरुवात केलीय की तो कधी येणार.