गरम पाणीच न करणारा डिशवॉशर! घेण्याआधी मागच्या स्टिकरवरचे वॅट बघा

ओट्यावर ठेवायचा छोटा डिशवॉशर ऑनलाइन शोधत असाल तर आधी हे वाचा. मला जे मशीन विकलं त्यात हीटरच नव्हता. म्हणजे बिघडलेला वगैरे नाही, मुळात बसवलेलाच नाही. आणि जाहिरातीत काय, तर ७० डिग्रीला धुतो, सहा जणांची भांडी, २९ मिनिटांत चकाचक, वर यूव्हीने निर्जंतुक.

आम्ही घरात दोघंच, मोठ्या मशीनला जागा नाही, नळाची जोडणी करायची नव्हती, म्हणून वरून पाणी ओतायचा पाच लिटरच्या टाकीवाला प्रकार घेतला. हा प्रकार खोटा नाहीये बरं का, नीट कंपनीचं मशीन असेल तर दोघांना मस्त पुरतं. आत पंप, फिरणारा फवारा, जाळी, हीटर आणि घाण पाणी बाहेर टाकणारा दुसरा पंप, एवढं असलं की तो डिशवॉशर झाला. माझ्याकडे आलेल्या डब्यात यातलं बाकी सगळं होतं, आवाजही अगदी खऱ्यासारखा, आत निळा दिवा, पॅनेलवर ऐटीत ७० चा आकडा.

धुऊन काय निघालं तर साबणाची टॅबलेट खाचेतच अर्धी शिल्लक, ग्लासांवर पांढरट थर आणि तेल एका ताटलीवरून उचलून सगळ्यांना सारखं वाटून दिलेलं. विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं, मॅडम इको मोड लावला असेल. मग मॅडम टॅबलेट चुकीची आहे. मग मॅडम तुमचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे. आता गंमत अशी की यातलं प्रत्येक कारण खऱ्या मशीनच्या बाबतीत खरं असू शकतं, जड पाण्याने ग्लास पांढरे होतातच, त्यामुळे माणूस डिशवॉशरचं मीठ आण, टॅबलेट बदल, असं करत बसतो आणि तिकडे परत करायची मुदत सरत असते. त्यांना तेच हवं असतं. शेवटी तो म्हणाला, टाकीत उकळतं पाणी ओता, छान निघेल. तिथे माझी सटकली. पाणी मीच उकळायचं तर मशीन कशाला घेतलंय? शिवाय टाकी प्लास्टिकची, तिच्यात उकळतं पाणी ओतणं हे धोक्याचंच काम.

मग मधेच थांबवून दार उघडलं. वाफ नाही, भांडी गार. स्वयंपाकाचा थर्मामीटर तळाच्या पाण्यात बुडवला तर नळाच्या पाण्याइतकंच तापमान, आणि पॅनेलवर तेव्हाही ७०! मशीन फिरवून मागचा स्टिकर वाचला, ६० वॅट.

इथे थोडं गणित करा, अवघड नाहीये. एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. पाच लिटर पाणी २५ वरून ६५ वर न्यायचं तर ८४० किलोज्यूल, म्हणजे पाव युनिटच्या आसपास वीज. ९०० वॅटचा हीटर हे पंधरा-सोळा मिनिटांत करतो. ६० वॅटची सगळीच्या सगळी वीज फक्त पाणी तापवायला वापरली तरी जवळजवळ चार तास लागतील, आणि ते २९ मिनिटांत भांडी धुऊन देणार म्हणे. त्या ६० वॅटमध्ये पंप फिरतो आणि दिवा लागतो, बस. किती वॅट वीज जातेय ते दाखवणारा मीटरवाला प्लग लावून बघितलं, अख्ख्या सायकलमध्ये आकडा त्याच्या वर गेलाच नाही. खऱ्या मशीनमध्ये पाणी तापत असताना तो एकदम शेकड्यांत जातो.

आणि गरम पाणी ही चैन नाहीये, सगळं कामच त्याच्यावर चालतं. टॅबलेट विरघळायला, चरबी सुटायला, पावडरमधली एन्झाइम्स नीट चालायला ऊब लागते, आणि शेवटच्या गरम पाण्यामुळेच भांडी आपोआप वाळतात. यूव्हीचं म्हणाल तर जंतू मारणारा यूव्ही-सी डोळ्यांना जवळपास दिसतच नाही, निळा प्रकाश दिसतोय म्हणजे यूव्ही आहे असं काही नसतं. आणि खरा असला तरी जिथे थेट पडेल तिथेच काम करतो, ताटलीच्या मागे सावली पडली की संपलं.

सहा जणांची भांडी हेही तसंच. फोटोत ज्या ताटल्या आहेत त्या बशीएवढ्या असाव्यात, कारण माझं जेवणाचं नेहमीचं ताट उभं केलं की फवाऱ्याला अडकतं आणि तो फिरायचाच थांबतो. रिव्ह्यू भरपूर होते, चार-साडेचार स्टार वगैरे. मी नंतर खाली खाली जात वाचले तर जुने रिव्ह्यू कुठल्यातरी ब्लेंडरचे! जुन्या पानावरचा माल आणि फोटो बदलून टाकायचे, स्टार तसेच ठेवायचे. तेव्हा सगळ्यात जुने रिव्ह्यू आधी वाचा.

पैसे मागितल्यावर आधी म्हणे थोडे परत देतो, मशीन ठेवून घ्या. मी नाही म्हटलं तर जरा वाढवले. मग म्हणे परदेशातल्या गोदामात तुमच्या खर्चाने पाठवा, आणि तो खर्च जवळपास मशीनएवढाच. यातलं काहीही कबूल करू नका, अर्धे पैसे घेतलेत की प्रकरण मिटलं असं दाखवायला त्यांना पुरावा मिळतो. बोलणं फोनवर नको, त्या साइटच्याच चॅटमध्ये, लेखी. मी कार्डाच्या बँकेकडे वस्तू वर्णनाप्रमाणे नाही अशी तक्रार केली, सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, स्टिकरचा फोटो आणि ७० च्या आकड्याशेजारी धरलेला थर्मामीटर. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवा, कारण मी तक्रार केल्यावर ७० डिग्रीची ओळ त्या पानावरून गायब झाली होती. पैसे मिळाले, वेळ लागला पण पूर्ण मिळाले.

आता दुसरं मशीन बघतेय, तर प्रत्येक विक्रेत्याला आधी एकच मागते, मागच्या स्टिकरचा फोटो. बऱ्याच जणांनी लगेच पाठवला. एकाने कळवलं की मॅडम, आमच्या मॉडेलमध्ये स्टिकर आतल्या बाजूने लावलेला असतो, त्यामुळे फोटो निघत नाही.