त्या दिवशी मुलगा चिखलात होता

बारावी सायन्स झाल्यापासून मुलाचं एकच, पायलट व्हायचं. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. भात आणि थोडा ऊस. २०२१ मध्ये बेळगावच्या सांबऱ्याच्या विमानतळावर वैमानिक प्रशिक्षणासाठी जागा दिल्या गेल्या, पुढे छोटी विमानं घिरट्या घालताना दिसू लागली आणि त्याला दुसरं काही सुचेना.

टिळकवाडीतल्या एका ऑफिसात गेलो. भिंतीवर कॉकपिटचा फोटो, कोपऱ्यात कंप्युटरला जोडलेली जॉयस्टिक, समोर टाय लावलेला माणूस. बोलता बोलता वरून विमानाचा आवाज आला, तसा तो आम्हाला गॅलरीत घेऊन गेला. बोट वर करून म्हणाला, "ते बघा काका, आपलंच. काळजी करू नका ओ." त्या बोटाकडे बघून मी साडेचार लाख भरले. उसाचं बिल आणि बायकोच्या नावची ठेव.

अठरा लाखांत कमर्शियल पायलट लायसन्स, वर हौसेसाठी लूप-रोल, म्हणजे हवेतल्या कोलांट्या शिकवणारा आठ दिवसांचा कोर्स फुकट, असं ठरलं. मोबाईलवर लाल-पांढऱ्या विमानांच्या कसरती दाखवल्या. ती बिदरच्या सूर्यकिरण पथकाची, म्हणजे हवाई दलाची हॉक जेट होती, हे नंतर कळलं. शिकाऊ मुलांच्या सेसना १७२ ला लूप मारायची परवानगीच नसते. कसरतीसाठी जास्त मजबुतीचं, तशी मान्यता असलेलं विमान लागतं. आणि लायसन्सचा खर्च आपल्याकडे चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. अठरा ऐकूनच मी उठायला हवं होतं.

आठ महिन्यांत पोरगा एकदाच हवेत गेला, लांबच्या एका धावपट्टीवर, मायक्रोलाइट नावाच्या हलक्या, छोट्या विमानात, वीस मिनिटं. बाकी सगळं त्या कंप्युटरवर. तरी लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, तास चढत होते. "सगळीकडं असंच असतंय" म्हणत त्याच्या सह्या घेतल्या जायच्या. एका रात्री मी ते उघडलं. सगळ्या ओळी एकाच पेनानं, एका बैठकीत लिहिल्यासारख्या. जुलैमधल्या एका तारखेला सव्वा तासाचं उड्डाण. ती तारीख मी विसरणं शक्य नव्हतं. त्या दिवशी आमची रोप लावणी होती, सकाळपासून धो धो पाऊस, आणि हा पोरगा गुडघाभर चिखलात माझ्या शेजारी वाकलेला होता.

विचारलं, तर रडायलाच लागला. तीन महिने त्याला संशय होता. बाबांचे पैसे बुडाले हे कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणून गप्प. पैशापेक्षा मला ते जास्त लागलं.

थिअरीचे क्लास कोणीही काढू शकतो, गल्लत इथेच होते. उडवायला शिकवायचा अधिकार फक्त डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, मान्यता असलेल्या संस्थेला. ती यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर आहे; आमच्यावाल्याचं नाव तिच्यात नव्हतं. लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं, त्यातले १०० पायलट इन कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. ऑफिसातल्या जॉयस्टिकचं एक मिनिटही धरत नाहीत. आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, आणि डीजीसीएच्या परीक्षांसाठीचा कंप्युटर नंबर काढावा लागतो, माझ्या मुलाचं दोन्ही काढलेलं नव्हतं. विमान कुठलं, त्याचा व्हीटीने (VT) सुरू होणारा नोंदणी नंबर काय, हे तोंडावर विचारा. पैसे एखाद्या माणसाच्या खात्यावर मागितले तर देऊच नका. मी तसेच दिले.

तक्रार दिली आहे. पावती इंग्रजीत, बोलणं मराठीत, अर्ज कन्नडमध्ये. लिहायला गावातल्या मास्तरांना सोबत नेलं. ऑफिसला कुलूप आहे. आणखी कोणी भरले असतील तर पावती फाडू नका, व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका, आणि ऑनलाइन पाठवले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावा.

मुलगा आता एअर रेग्युलेशनचं पुस्तक घेऊन बसतो. लॉगबुक त्याला चुलीत घालायचं होतं, ते पोलिसांकडे आहे. गेल्या आठवड्यात निपाणीच्या बस स्टँडवर एक पत्रक हातात आलं. नाव नवं होतं, कॉकपिटचा फोटो तोच.