दोन सेकंदांची खडखड आणि 28,650 रुपयांचं बिल

आधी गॅरेजच्या बिलाचे आकडे, कारण तेच रोज रात्री डोळ्यांसमोर नाचतात. टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारी इंजिनातली साखळी) किट 9,800. टेन्शनर, म्हणजे ती चेन ताणून धरणारा पार्ट, 3,400. व्हीव्हीटी ॲक्च्युएटर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढे-मागे करणारा पार्ट, 7,200. ऑइल 1,750, फिल्टर 350, मजुरी 6,150. एकूण 28,650 रुपये. कागदावर वर ‘एस्टिमेट’ छापलेलं, जीएसटी क्रमांक नाही. पैसे मात्र रोख आणि पूर्ण.

तक्रार काय होती? रात्रभर उभ्या पेट्रोल गाडीला सकाळी स्टार्टर मारला की दोन सेकंद खडखड, मग इंजिन गप्प. दिवसभर पुन्हा आवाज नाही.

आता तो क्षण. गाडी दहा-बारा किलोमीटर चालवत भरदुपारी गॅरेजात नेली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, किल्ली फिरवली आणि म्हणाला, “ऐका, चेन वाजतेय.” मीही ऐकलं, मानसुद्धा डोलावली! अहो, तापलेल्या इंजिनात तो आवाज येतच नव्हता, ती तर तक्रारच होती. त्याने ऐकवली ती इंजेक्टरची टिकटिक, जी धडधाकट इंजिनातही असते. थंड इंजिनाचा आवाज तपासायचा तर गाडी रात्रभर गॅरेजात ठेवायची आणि सकाळी आपल्यासमोर पहिला स्टार्टर मारायला लावायचा. हे मला माहीत होतं. पण चार दिवसांनी कोकणात जायचं होतं आणि “चेन तुटली तर इंजिन बसेल” हे वाक्य ऐकलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. वाक्य खोटंही नाही. चेन दात सोडून घसरली तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. खऱ्या भीतीवरच तर हा धंदा चालतो.

दुसरी चूक बिलातच होती. चेन किट म्हटलं की त्यात चेन, गाईड (चेन जिच्यावरून सरकते ती पट्टी) आणि बहुतेक वेळा टेन्शनर येतोच. मग टेन्शनरचे 3,400 वेगळे कशाचे? विचारलं नाही. ‘काढलेली’ चेन दाखवली ती रोलरची, माझ्या इंजिनात असते दात्यांच्या पट्ट्यांची. तीही नीट पाहिली नाही. जुने पार्ट डिकीत टाकून मागा, आणि ते आपल्याच इंजिनातले आहेत का ते बघा.

एकोणीस दिवसांनी खडखड परत. दुसऱ्या मेकॅनिकने टॉर्च मारून आधी टायमिंग कव्हर पाहिलं. कव्हर उघडायचं तर क्रँक पुली काढावी लागते, बोल्टना पान्हा लागतो आणि बसवताना नवं सिलिकॉन कडेने बाहेर येतं. इथे बोल्टवर कंपनीच्या रंगाची खूण शाबूत, कडेला जुनी तेलकट धूळ. कव्हर कोणी उघडलंच नव्हतं!

खरा दोष ऑइल फिल्टरात. फिल्टरच्या तोंडाशी आतून एक रबरी झडप असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरातलं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरू नये म्हणून ती. डुप्लिकेट फिल्टरात ती कडक होते किंवा नीट बसत नाही. आडव्या बसणाऱ्या फिल्टरातून रात्रभरात ऑइल उतरतं. सकाळी पंप आधी रिकामा फिल्टर भरतो, तोवर ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर ढिला, आणि चेन गाईडवर आपटते. ऑइलचा लाल दिवाही नेहमीपेक्षा उशिरा विझतो. तेवढं बघायला पैसे पडत नाहीत. सकाळी इंजिन सुरू न करता असा आडवा फिल्टर सोडवला आणि हातावर ऑइल सांडलंच नाही, तर झडप गेली समजा. पहिल्या मेकॅनिकने नवा फिल्टर बसवला म्हणून आवाज एकोणीस दिवस गेला. तोही डुप्लिकेटच निघाला. अस्सल फिल्टर आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल घातलं, खर्च 1,930 रुपये. आवाज गेला तो गेलाच.

चेन खरंच फार ताणली असेल तर आवाज सहसा दोन सेकंदांत थांबत नाही, गरम आयडलिंगलाही राहू शकतो, आणि स्कॅनरवर पी 0016 सारखा, क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा, कोड येऊ शकतो. पत्र्यासारखा किणकिणाट असेल तर सायलेन्सरवरचं हीट शील्ड थंड असताना हाताने ठोकून बघा, साध्या क्लॅम्पने काम होतं. इंजिनाबाहेरच्या, अल्टरनेटर फिरवणाऱ्या बेल्टच्या बाजूने आवाज वाटला तर तो बेल्ट काढून दहा सेकंदच इंजिन चालवा, जास्त नाही. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो. भार दिल्यावर खोल ठोका येत असेल, तर मात्र गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

आता दाद मागायची गंमत. पोलीस चौकीत उत्तर : “पैसे तुम्हीच दिलेत ना? मग हा दिवाणी वाद.” परिवहन कार्यालय म्हणालं, गॅरेजं आमच्याकडे येत नाहीत. ग्राहक हेल्पलाइनने तक्रार नोंदवली, गॅरेजला पाठवली, गॅरेजने कळवलं “काम ग्राहकाच्या संमतीने”, आणि तक्रार ‘निकाली’. कोणाच्या बाजूने निकाली? न उघडलेल्या कव्हरचे फोटो जोडले होते, ते कोणी उघडून पाहिले असतील तर शपथ. तिन्हीकडे एकच प्रश्न : “पक्कं बिल आहे का?” चोराने पावती दिली नाही, हा गुन्हा माझा!

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथे दाखल करतोय. दुसऱ्या मेकॅनिककडून सही-शिक्क्याचा लेखी अहवाल घेतलाय, 500 रुपये देऊन. तेही मागणीत धरलेत.