मोडीत घालण्याआधी: कार्डशीट, लगदा की पेन्सिलचा ठसा?

इमारत पुनर्विकासाला गेली की कपडे आणि कागदपत्रं यांचा निकाल लवकर लागतो. अडतं ते घंगाळ, पत्र्याची ट्रंक, व्हॉल्व्हचा रेडिओ यांच्यापाशी. नव्या घरात जागा नाही, मोडीत घालायला हात धजत नाही, आणि मोबाइलमधला फोटो चार दिवसांत इतर फोटोंखाली गडप होतो. मग वस्तू जाऊ द्यावी आणि कागदी प्रतिकृती ठेवावी, हे मला पटतं. कोणती करायची, ते मात्र वस्तूकडे बघून ठरवा.

रेडिओ, ट्रंक, फडताळ अशा सरळ कडांच्या वस्तूंना कार्डशीट बरी. प्रत्येक बाजूचा समोरून, थोडं लांब उभं राहून फोटो काढायचा, शेजारी पट्टी ठेवायची म्हणजे माप चुकत नाही. २५० ते ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाच्या) जाड कागदावर लहान आकारात छापून घ्यायचं. घडीच्या रेषेवर रिफील संपलेलं बॉलपेन दाबून फिरवलं की कागद न फाटता कडक दुमडतो. रंग, डायलवरचे आकडे, गंजाचे डागसुद्धा हुबेहूब येतात. साध्या इंकजेटची छपाई उन्हात फिकी पडते, एवढं लक्षात असू द्या.

घंगाळ, तांब्या, हंडा यांची गोलाई कार्डशीटला झेपत नाही. तिथे लगदाच हवा. पूर्वी घरोघरी कागदाच्या लगद्यात वाटलेल्या मेथ्या घालून जुन्या टोपल्या आणि सुपं लिंपत, तीच ही विद्या. पण नुसता लगदा वाळताना आक्रसतो. मापाला माप हवं असेल तर मूळ भांड्याला व्हॅसलिन चोपडून त्यावर खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे पाच-सहा थर द्या. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा खाकी कागदाचा, म्हणजे कुठे राहिलं ते दिसतं. वाळल्यावर ब्लेडने दोन भाग करून सोडवायचं आणि पुन्हा जोडायचं. पोचेसुद्धा उतरतात! मात्र हे काम पावसाळ्यात काढू नका, बुरशी धरते. खळीला कसरही लागते. बुकबाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद घालत, पण ते विष आहे, मुलांच्या हातात नको. लाकडी किंवा रंगवलेल्या वस्तूवर तर हा प्रयोग नकोच.

माझं मत विचाराल तर नाव घातलेल्या भांड्यांसाठी या दोन्हींपेक्षा पेन्सिलचा ठसा सरस. मुंजीत, लग्नात आलेल्या भांड्यांवर टिंबांनी कोरलेलं नाव आणि तारीख असते, आणि आपल्याला सहसा तेच हवं असतं. अक्षरं चिंचेने स्वच्छ करून भांडं कोरडं करा, पातळ कागद चिकटपट्टीने ताणून बसवा, मऊ पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. कोरणाऱ्याचा हात कुठे घसरला तेही कागदावर येतं. खर्च नगण्य, जागा वहीच्या पानाएवढी. पेन्सिलचं ग्रॅफाइट पुसटू नये म्हणून वर फिक्सेटिव्ह, म्हणजे चित्र पक्कं करणारा फवारा, मारा.

पाटा-वरवंटा आणि जातं यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांची आठवण वजनात आणि आवाजात असते. कागदाचा वरवंटा हातात घेतला की हसू येतं. अडकित्ता किंवा करंडा मुठीत मावतो, तो तसाच ठेवा.

घर सोडायला आठवडाच उरला असेल तर आधी सगळ्या नावांचे ठसे घ्या, रेडिओ-ट्रंकेचे फोटो मापासकट काढून ठेवा. कार्डशीट नंतरही कापता येईल. लगद्याला मात्र मूळ वस्तू समोर लागते, म्हणून त्यासाठी एकच भांडं निवडा.