१२ व्होल्ट इन्व्हर्टरमध्ये पॅरलल जोडायला काय घ्यावं: २एन३०५५ की आयआरएफ३२०५?

१२ व्होल्ट बॅटरीवर ५०० वॅटचा लोड चालवायचा तर तोटा धरून साधारण ५० अँपियर ओढले जातात. पुश-पुल सर्किटमध्ये स्विचिंगच्या दोन बाजू असतात आणि हा सगळा करंट आळीपाळीने एकेका बाजूवर येतो. त्यामुळे प्रत्येक बाजू पूर्ण ५० अँपियर धरूनच बांधावी लागते.

२एन३०५५ या ट्रान्झिस्टरची मर्यादा १५ अँपियर असली तरी १० अँपियरला त्याचा गेन (बेसला दिलेल्या करंटच्या किती पट करंट तो सोडतो ते) फार घसरतो. एकाकडून ५ अँपियरच घ्या. म्हणजे प्रत्येक बाजूला १०, एकूण २०. चालू बाजूच्या प्रत्येकाला अर्धा अँपियर बेस करंट, म्हणजे नुसत्या ड्राइव्हलाच (त्यांना चालू ठेवायलाच) ५ अँपियर गेले. कलेक्टर-एमिटरमध्ये साधारण १ व्होल्ट आणि एमिटर रेझिस्टरवर अर्धा व्होल्ट पडतो, त्याची उष्णता ७५ वॅट.

आयआरएफ३२०५ हा मॉस्फेट, म्हणजे गेटवरच्या व्होल्टेजने चालू होणारा ट्रान्झिस्टर. हे प्रत्येक बाजूला ४ पुरतात. ऑन रेझिस्टन्स ८ मिलिओहम, गरम झाल्यावर १२ धरा. चौघांत मिळून साडेसात वॅट. नवीन बांधणी असेल तर मॉस्फेटच घ्या, यात दुमत होण्यासारखं काही नाही.

करंट वाटून घेण्यातही मोठा फरक आहे. २एन३०५५ तापला की बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. मग तो आणखी करंट घेतो, आणखी तापतो आणि शेवटी शॉर्ट होतो. म्हणून प्रत्येकाच्या एमिटरला स्वतःचा ०.१ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर हवाच. सगळ्यांत मिळून एकच लावला तर वाटणी होत नाही.

मॉस्फेटचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो, म्हणून पूर्ण ऑन असताना करंट आपोआप वाटला जातो. अर्धवट ऑन असताना मात्र उलट घडतं: तापलेल्याचं थ्रेशोल्ड (तो ज्या गेट व्होल्टेजला चालू व्हायला लागतो ते) उतरतं आणि तोच जास्त ओढतो. आळीपाळीचे पल्स देणाऱ्या सीडी४०४७ आयसीचं आउटपुट थेट आठ गेटना जोडलं की गेट हळू भरतात आणि नेमकी हीच अवस्था लांबते. गेट लवकर भरावेत म्हणून मध्ये बीडी१३९-बीडी१४० या ट्रान्झिस्टरची जोडी टाका. प्रत्येक गेटला वेगळा २२ ओहम, गेटच्या अगदी जवळ. एकच सामाईक रेझिस्टर ठेवला तर गेट आपसात ऑसिलेट होतात. गेट-सोर्समध्ये १० किलोओहम आणि १५ व्होल्टचा झेनर डायोडही (जादा व्होल्टेज रोखणारा) द्या.

हीटसिंकबाबत दोन्हींचा नियम एकच. २एन३०५५ ची बॉडी कलेक्टर असते, मॉस्फेटचा टॅब ड्रेन. एका बाजूचे सगळे एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय बसतात आणि एकाच तापमानाला राहतात. दुसऱ्या बाजूचा हीटसिंक मात्र वेगळाच हवा. वायरींची लांबीही सारखी ठेवा. इतक्या कमी रेझिस्टन्समध्ये वीतभर जास्त वायरही वाटणी बिघडवते.

नकली आयआरएफ३२०५ बाजारात सर्रास मिळतात. गेटला १० व्होल्ट देऊन ५ अँपियर सोडा आणि बॉडीलगत ड्रेन आणि सोर्सच्या पायांवर मोजा: ४० मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवेत. १०० दिसले तर माल परत करा.

जुना २एन३०५५ चा सेट दुरुस्त करत असाल तर तेच ट्रान्झिस्टर ठेवा, कारण त्याचा ड्राइव्ह गेटसाठी बनवलेला नसतो. पण एक उडाला तरी त्या बाजूचे सगळे एकाच बॅचचे बदला आणि एमिटर रेझिस्टर तपासा. ओपन झालेला (आतून तुटलेला) रेझिस्टर उरलेल्यांवर भार टाकत राहतो.