प्रसिद्धीतही आपण आपलेच: सलग शॉट की इंटरकट?

प्रसिद्धी मिळाली तरी आपण आपलेच राहतो, हे सांगणाऱ्या गाण्याच्या व्हिडिओसाठी दोन पर्याय आहेत. स्टेजवरून मेकअप रूमपर्यंत गायकाच्या मागे जाणारा एकच सलग शॉट घेतला, तर झगमगाट उतरताना थेट दिसतो. पण कुणा एकाचं टायमिंग चुकलं की अख्खा टेक बाद. एडिटमध्ये वाचवायला काही उरत नाही. फोटोग्राफरांचे खरे फ्लॅश वापरले, तर रोलिंग शटरमुळे (कॅमेरा फ्रेम एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो म्हणून) फ्रेमवर अर्धवट पांढरे पट्टे येतात. त्याऐवजी किंचित लांब चमकणारे एलईडी बरे.

स्टेज आणि घर यांचं इंटरकट, म्हणजे दोन्हीकडची दृश्यं आलटूनपालटून दाखवणं, करायला सोपं, पण ‘झगमगाट वाईट, साधेपणा चांगला’ इतकं ढोबळ होण्याची भीती. स्टेजचा भाग सेकंदाला ४८ फ्रेम्सने, गाणं दुप्पट वेगाने वाजवून शूट करा. २४ वर आणल्यावर ओठ जुळतात, हालचाली मात्र संथ तरंगतात. घर नेहमीच्या २४ वरच ठेवा. तालमीला वेळ नसेल तर निमूटपणे इंटरकट निवडा.